मेंढ्यांच्या रानातला हेन्री मूर

पेरी ग्रीनहून आल्यापासून भेटेल त्याला मी एकच गोष्ट सांगत सुटले आहे: हेन्री मूर बघायचा तर त्याच्या मेंढ्यांच्या रानात जाऊन बघा! संग्रहालयात नको, शहरातल्या चौकात नको, गुळगुळीत कागदाच्या पुस्तकात तर नकोच. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवरून केंब्रिजच्या बाजूची गाडी पकडा, बिशप्स स्टॉर्टफर्डला उतरा आणि तिथून शेतांमधून वळणं घेत जाणाऱ्या अरुंद रस्त्यानं हर्टफर्डशायरच्या आत शिरा. मच हॅडम नावाचं गाव येईल, त्याच्याजवळच पेरी ग्रीन. चार घरं, एक चर्च, झाडीची कुंपणं. ‘इथे जगातला एवढा मोठा शिल्पकार राहत होता?’ असं म्हणेपर्यंत कुंपणापलीकडे काहीतरी प्रचंड, गोलसर, काळंहिरवं दिसतं. ते झाड नसतं आणि टेकडीही नसते.

मला तिथे भाचीनं नेलं. तिचं घर तिथून गाडीनं तासाभराच्या आत. ‘मावशी, तुला एक कोठार दाखवायचंय,’ एवढंच म्हणाली, बाकी एक अक्षर सांगितलं नाही, आणि त्याबद्दल मी तिची जन्माची ऋणी आहे.

मूर खाणकामगाराचा मुलगा. १८९८ साली यॉर्कशायरमधल्या कासलफर्डला जन्मलेला, भावंडांत सातवा. १९४० मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात लंडनच्या हॅम्पस्टेडमधल्या त्याच्या जागेचं नुकसान झालं, तेव्हा तो आणि त्याची बायको इरिना तात्पुरता आसरा म्हणून पेरी ग्रीनला आली आणि हॉगलंड्स नावाच्या जुन्या घराचा अर्धा भाग त्यांनी भाड्यानं घेतला. एल्मच्या लाकडात कोरलेलं एक पहुडलेलं शिल्प ३०० पौंडांना विकलं गेलं आणि त्या पैशाच्या आधारावर घर विकतच घेता आलं. तात्पुरतं आलेला माणूस मग ४६ वर्षं तिथून हलला नाही. १९८६ मध्ये याच घरात गेला आणि गावच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं. मधल्या काळात जमिनीचा एकेक तुकडा जोडत गेला, गोठ्यांची आणि पडव्यांची कार्यशाळा करत गेला, इरिना बाग लावत गेली. आता तो सगळा पसारा, सुमारे ७० एकरांचा, हेन्री मूर फाउंडेशन सांभाळते. ही संस्था त्यानंच हयातीत, १९७७ साली, उभी केली.

तर फाटकातून आत गेलं की आधी बाग लागते, घराजवळची, नीटनेटकी. बागेतली शिल्पं सुंदर आहेतच. ‘फॅमिली ग्रुप’ तिथे आहे, आईबाप आणि मूल. ते इतक्यांदा छापून आलंय की त्याच्यासमोर उभं राहिल्यावर ओळखीचं माणूस भेटल्याचा आनंद होतो, धक्का बसत नाही. धक्का पुढे आहे. बाग संपते, कुंपण येतं, कुंपणापलीकडे नुसतं कुरण, आणि कुरणाच्या मधोमध ‘शीप पीस’!

आता हे कसं सांगू? ब्राँझचे दोन आकार आहेत, माणसाच्या दुपटीहून उंच. एक मोठा, दुसऱ्यावर झुकलेला. दुसरा त्याच्या आडोशाला, खाली, त्याला जेमतेम टेकलेला. कान, डोळे, पाय, शेपूट काहीच दाखवलेलं नाही. तरीही बघताक्षणी कळतं की ही मेंढी आहे आणि हे कोकरू! कळतं म्हणजे डोक्याला नंतर कळतं, पोटात आधी कळतं. आणि त्या ब्राँझच्या सावलीत खरोखरच्या मेंढ्या बसलेल्या! पाच-सात मेंढ्या रवंथ करत, एक उभी राहून त्या धातूला आपली कूस घासत होती, सावकाश, मजेत, डोळे अर्धे मिटून. मूरनं १९७१-७२ मध्ये हे शिल्प केलं आणि मेंढ्यांनी आडोशाला यावं म्हणूनच कुरणात ठेवलं. वरचं ब्राँझ पावसानं हिरवटलंय, आणि खाली, मेंढीच्या उंचीपर्यंत, पन्नासेक वर्षं लोकर घासून घासून, लोकरीतलं तेल मुरून, त्याला निराळीच चकाकी आली आहे. शिल्पाला अखेरचा हात कोणी दिला म्हणावा, सांगा! मी त्या चकाकणाऱ्या पट्ट्याकडे बघत किती वेळ उभी होते कोण जाणे. भाची पुढे जाऊन परत आली.

या मेंढ्यांची एक कथाच आहे. १९७२ साली फ्लॉरेन्सच्या किल्ल्यात मूरचं फार मोठं प्रदर्शन होतं. त्यासाठी पेरी ग्रीनमधून शिल्पं बांधून पाठवायचा गोंधळ चाललेला, ठोकाठोक, खोकी, माणसांची ये-जा. काम करायला निवांत जागा उरली नाही, तेव्हा तो कुरणाकडे खिडकी असलेल्या आपल्या छोट्या कार्यशाळेत जाऊन बसला. खिडकीबाहेर शेजारच्या शेतकऱ्याच्या मेंढ्या चरत होत्या. त्यानं वही नि साधं बॉलपेन घेतलं आणि त्या काढायला लागला. सुरुवातीला त्याला त्या लोकरीच्या बिनआकाराच्या गोळ्यांसारख्याच दिसत होत्या. मग त्या लोकरीच्या आतलं अंग दिसायला लागलं, मग एकेका मेंढीचा स्वभाव. कोकरं झाली, मोठी झाली, लोकर कातरली गेली, सगळं त्या वहीत उतरलं. खिडकीच्या काचेवर टकटक केली की मेंढ्या थबकून त्याच्याकडे बघत उभ्या राहत. त्र्याहत्तर वर्षांचा, जगभर नाव झालेला माणूस खिडकीत बसून मेंढ्यांना हाक मारतोय आणि त्यांची चित्रं काढतोय! नाव झाल्यावर माणसाची नजर थकते, असं मी पुष्कळदा पाहिलंय. याची थकली नाही.

ती कार्यशाळा तशीच ठेवली आहे. ओळीनं फळ्या, आणि फळ्यांवर गारगोट्या, हाडं, शिंपले, दगड, आणि त्यांच्यामध्येच प्लास्टरचे छोटे-छोटे नमुने, तळहातात मावतील एवढे. शेतात फिरताना त्याला गारगोटी सापडायची, हाडाचा तुकडा सापडायचा. तो ते उचलून आणायचा, त्याला थोडं प्लास्टर लावायचा, कुठे खरवडायचा, हातात फिरवून चारी बाजूंनी बघायचा. त्यातून जे उरायचं ते पुढे मोठं व्हायचं. सहायक आधी मधला आकार करायचे, मग पॉलिस्टायरीन कापून आणि प्लास्टर चढवून पूर्ण मापाचा, आणि मग ओतकामाला बर्लिनपर्यंत रवानगी. ब्रिटनमधला पुढचा मोठा शिल्पकार अँथनी कॅरो यानंही उमेदवारीची दोन वर्षं इथेच काढलेली. हे फळीवरचे नमुने पाहिले आणि मगाशी कुरणात काय झालं ते मला उलगडलं. ती शिल्पं एवढी अवाढव्य असूनही अंगावर येत नाहीत, दरडावत नाहीत, कारण त्यांतलं प्रत्येक आधी कोणाच्या तरी मुठीत होतं. मुठीतली ऊब त्यांच्या वळणांत राहिली आहे. चौकाचौकांतले किती भव्य पुतळे आठवले मला, जे जन्मापासूनच भव्य होते आणि म्हणून त्यांच्याजवळ जावंसंच वाटत नाही.

आणि मग कोठार!

मला वाटलं होतं सगळं पाहून झालं. भाची म्हणाली, ‘खरं दाखवायचं ते आत्ता,’ आणि एका काळ्या-तपकिरी लाकडी इमारतीचं दार लोटून मला आत घातलं. इमारत सोळाव्या शतकातली आहे, शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीची. मूळची इथली नाही. याच परगण्यातल्या दुसऱ्या एका शेतावर ती उभी होती, तिथून सोडवून १९८० च्या सुमारास पेरी ग्रीनला आणून पुन्हा उभी केली. सबंध कोठार उचलून आणलं? हो, आणता येतं, कारण त्याचा सांगाडा खिळ्यांवर उभा नाही. खांबाला खाच, खाचेत तुळई, आणि दोन्हींतून आरपार लाकडी खुंटी. खुंट्या ठोकून बाहेर काढल्या की सांगाडा सुटा होतो, प्रत्येक लाकडाला आपली जागा ठाऊक असते. मधोमध उंच रुंद गाळा, त्याच्या दोन्ही अंगांना खांबांच्या ओळींपलीकडे दोन बुटके गाळे, वर तुळया, त्यांना पेलणारे वाकडे धीरे, आणि त्यावर अंधारात चढत गेलेलं छप्पर. आपल्याकडे सुगीनंतर आभाळ कोरडं असतं म्हणून खळं उघड्यावर होतं. तिथे पाऊस कधीही येतो. म्हणून पीक कापलं की पेंढ्या थेट अशा कोठारात रचायच्या आणि हिवाळाभर छपराखालीच झोडपत बसायचं. एवढ्या उंच छपराची गरज ती. गव्हाच्या पेंढ्यांसाठी बांधलेल्या त्या उंचीत आता मूरची चित्रं टांगलेली आहेत, लोकरीत विणलेली!

टॅपेस्ट्री! भिंतभर मोठ्या! मांडीवर मूल घेतलेली आई, बसलेल्या बायका, पहुडलेल्या बायका. मूरनं कागदावर खडूनं, शाईनं, पाणरंगानं काढलेली छोटी रेखाटनं घेऊन ससेक्समधल्या वेस्ट डीन कॉलेजच्या विणकरांनी १९७६ पासून पुढे ती मागावर विणली. मूर स्वतः रंग भरायला आला नव्हता. विणकरांनी त्याच्या रेघेचा अर्थ लावायचा होता. आणि काय लावलाय! खडू कागदावर अडखळत जातो, मधे कण सुटतात, ते सुटलेले कण लोकरीत आहेत. पाणरंगाचा ओघळ कडेला गडद होत वाळतो, ती गडद कड लोकरीत आहे. शाईची रेघ कुठे घाईनं मारली, कुठे हात थांबला, सगळं धाग्यात दिसतं. ज्या रेघेला मूरला निमिषभर लागलं असेल तिच्यापाशी विणकर आठवडे बसले असतील.

मी येवल्याची. लहानपणी घराशेजारी माग होते, खटखट ऐकत झोपायचो आणि खटखट ऐकत उठायचो. त्या कोठारात मी पहिल्या टॅपेस्ट्रीजवळ गेले, आणखी जवळ गेले, नाक लागेल इतकी, आणि ओरडलेच, ‘अगं, ही तर पैठणी आहे!’ भाची दचकली. पण खरंच सांगते, तंत्र तेच. साध्या कापडात ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून बाण्याचा आडवा धागा धोट्यातून या काठापासून त्या काठापर्यंत जातो. पैठणीच्या पदरात तसं नसतं. तिथे प्रत्येक रंगाची तिल्ली, म्हणजे धाग्याची छोटी कांडी, वेगळी. मोराच्या निळ्याचा धागा मोरापुरताच जातो, मोराची कड आली की मागे वळतो, आणि वळता-वळता शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो. म्हणून नक्षी कापडावर काढलेली नसते, कापडच नक्षीचं बनलेलं असतं. इथेही बाणा तसाच आकाराच्या कडेवरून मागे फिरत होता! आईच्या खांद्याचा करडा खांद्यापुरता, मागच्या भिंतीचा पिवळा भिंतीपुरता. रेशमाऐवजी लोकर, मोराऐवजी मूरची आई, येवल्याऐवजी ससेक्स. दोन मुलखांतल्या विणकरांनी एकमेकांना न विचारता रंगाला कडेवर कसं वळवायचं याचं एकच उत्तर काढलेलं, आणि ते मला सापडावं एका इंग्लिश शेतकऱ्याच्या कोठारात!

तिथे एक म्हाताऱ्या बाई देखरेखीला होत्या. माझा आरडाओरडा ऐकून आल्या. मी त्यांना फोनवर माझ्या लग्नातल्या पैठणीचा पदर दाखवला, मोर, मुनिया, सगळं. त्यांनी चष्मा वर सरकवला, फोटो मोठा केला आणि म्हणाल्या, ‘हा धागा इथे वळलाय की!’ मला तर त्यांना मिठी मारावीशी वाटली. मग आम्ही दोघी एका टॅपेस्ट्रीसमोर उभ्या राहून कोणत्या रंगाची कड कुठे वळते ते शोधत राहिलो. त्यांनी मला एक जागा दाखवली, मुलाच्या डोक्यामागची सावली. लांबून सपाट करडी दिसते. जवळून बघितलं तर तिच्यात निळा आहे, मातकट आहे, एक हिरवट तंतूही आहे.

एक गोष्ट मला कोठारातच लख्ख जाणवली. मूरच्या पहुडलेल्या बायकांबद्दल लिहिणारे लोक मेक्सिकोच्या चाकमूल या पहुडलेल्या दगडी मूर्तीचं नाव घेतात, आणि ते बरोबरच आहे, १९२९ सालच्या त्याच्या पहिल्या मोठ्या पहुडलेल्या आकृतीत तो चाकमूल सरळ दिसतो. पण या बायकांची लोकरीत गुंडाळलेली रूपं पाहिल्यावर मला त्याच्या युद्धकाळातल्या चित्रांचीच आठवण जास्त झाली. १९४०-४१ मध्ये लंडनवर बॉम्ब पडत असताना हजारो माणसं भुयारी रेल्वेच्या फलाटांवर रात्र काढायची, आणि मूर खाली उतरून त्यांना पाहायचा, घरी येऊन काढायचा: पांघरुणात लपेटलेल्या, एकमेकींना टेकून झोपलेल्या बायका. पुढची सगळी आई-मुलं, सगळे झुकलेले मोठे आणि आडोशाला आलेले छोटे आकार, मला तिथून आल्यासारखे वाटतात. कुरणातल्या मेंढीपर्यंत!

कोठारातून बाहेर आल्यावर पाहिलेलं भराभर सांगते, कारण मन आतच होतं. ‘लार्ज फिगर इन अ शेल्टर’, मूरच्या अगदी शेवटच्या मोठ्या कामांपैकी, १९८५-८६ चं: दोन उभ्या ब्राँझच्या कवचांमध्ये एक आकृती. याचीच दुसरी प्रत स्पेनमधल्या गेर्निकात आहे, बॉम्बनं बेचिराख झालेल्या त्या गावात, आणि त्याहून योग्य जागा तिला मिळाली नसती. ‘डबल ओव्हल’ची दोन प्रचंड लंबवर्तुळं, ज्यांच्यातून पलीकडची झाडं दिसतात आणि दोन पावलं सरकलं की दुसरीच झाडं दिसतात, मी पुढे-मागे सरकत राहिले. आणि टेकाडावरची पांढरीशुभ्र ‘लार्ज रिक्लायनिंग फिगर’. ते टेकाड जुन्या खडीच्या खाणीच्या मातीचं. आकृती फायबरग्लासची, नऊ मीटर लांब, १९८४ ची. पण तिचा मूळ नमुना १९३८ चा, शिशाचा, जेमतेम ३३ सेंटिमीटरचा! त्या काळात मूर घरच्या चुलीवर इरिनाच्या पातेल्यांत शिसं वितळवायचा. पातेल्यातून निघालेली ती बाई ४६ वर्षांनी टेकडीवर आभाळाला टेकून पहुडली.

इथूनच २००५ च्या डिसेंबरात चोरांनी ब्राँझची एक पहुडलेली आकृती रातोरात ट्रकवर घालून नेली. लाखो पौंडांचं शिल्प भंगाराच्या भावानं वितळवलं गेलं असावं, असा पोलिसांचा निष्कर्ष. हे ऐकून माझ्या पोटात कालवलं. मूरला शिल्पामागे आभाळ हवं होतं, भिंत नको होती, म्हणून त्यानं ती उघड्यावर ठेवली. आणि फाउंडेशननं त्यानंतरही कुरण सोडलं नाही, शिल्पं काचेआड नेली नाहीत. या धैर्याला माझा दंडवत.

आपल्याकडे मूर येऊन गेलाय, म्हणजे त्याचं काम. १९८७ मध्ये दिल्लीच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याचं प्रदर्शन झालं होतं. आणि मुंबईच्या पिलू पोचखानवाला यांच्या सुरुवातीच्या शिल्पांत मूरचा ठसा कोणालाही दिसेल. मूर आणि त्या एकाच वर्षी गेले, १९८६ मध्ये. पुढच्या वेळी मुंबईत त्यांचं काम पाहायला मिळालं की मी मेंढीच्या उंचीवरून बघणार आहे.

रात्री भाचीच्या घरून आमच्या गल्लीतल्या विणकर नानांना फोन केला. पंच्याहत्तरी ओलांडली तरी नाना अजून मागावर बसतात. त्यांना कोठारातले जवळून काढलेले फोटो पाठवले. दहा मिनिटांनी त्यांचाच फोन. हेन्री मूर कोण, इंग्लंड कुठे, याची चौकशी नाही. ‘ताई, ती मुलाच्या डोक्यामागची सावली आहे ना, ती करड्या धाग्याची नाही. एका तिल्लीवर त्यांनी तीन-चार रंगांचे बारीक धागे एकत्र गुंडाळलेत आणि ती तिल्ली मारलीय. म्हणून रंग पाण्यासारखा दिसतोय. हुशार माणसं आहेत!’ मी म्हटलं, ‘नाना, तुम्ही रेशमात असं करता?’ म्हणाले, ‘धूपछाँव करायला ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेतो. पण एकाच तिल्लीत चार रंग… करून बघायला पाहिजे.’ आणि मग लगेच, ‘मागची बाजू कशी आहे? पैठणी दोन्हीकडून सारखी लागते. यांची मागून कशी लागते, ते बघितलंस का?’

नव्हतं बघता आलं, त्या टांगलेल्या आहेत. पण त्या बाईंचा इमेल माझ्याकडे आहे, आणि पेरी ग्रीन ऑक्टोबरपर्यंत उघडं असतं. भाचीनं येत्या रविवारची गाडी ठरवली आहे, आणि नानांनी प्रश्नांची यादी लिहून पाठवलीय: ताण्याला इंचाला किती धागे, ताणा सुती का लोकरीचा, कड वळताना दोन रंग एकमेकांत अडकवतात की मधे फट ठेवून नंतर शिवतात, आणि माग उभा का आडवा.